जोराचा ब्रेक आपण कधी शिकवणार?

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व मोटार ड्रायव्हिंग स्कूलचालक आणि प्रशिक्षक

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. माझा कोर्स तुमच्यासारखाच. रोज अर्धा तास, पाच-सहा किलोमीटर. पहिले तीन-चार दिवस नुसता क्लच आणि पहिला-दुसरा गिअर, मग हळूहळू गर्दीचा रस्ता, मग चढावर हाफ क्लचवर गाडी धरणं, मग रिव्हर्स आणि पार्किंग. शेवटचे दोन दिवस ट्रायलची तयारी. लर्निंगला तीस दिवस झाले की मुलगा किंवा मुलगी ट्रायलला उभी राहते, पास होते, पेढे घेऊन येते. आपल्याला समाधान वाटतं. मलाही वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये माझ्या एका विद्यार्थिनीचा आंबा घाटात अपघात झाला. बँकेत नोकरी करणारी, शांत, सगळं लक्ष देऊन शिकलेली मुलगी. पहिल्याच फटक्यात ट्रायल पास झालेली. लायसन्स हातात येऊन सहा महिने झाले होते. रत्नागिरीला निघाली होती, पहिला पाऊस नुकताच पडून गेलेला, रस्त्यावर वर्षभराचं तेल आणि धूळ पाण्याबरोबर वर आलेली. उताराच्या वळणावर समोर ट्रक दिसला. तिने ब्रेक दाबला. पुढचं तिने मला हॉस्पिटलमध्ये, हात गळ्यात बांधलेला असताना सांगितलं. पायाखाली कडकड कडकड आवाज झाला, पॅडल थरथरलं, तिला वाटलं काहीतरी तुटलं. घाबरून तिने पाय काढला आणि स्टिअरिंग जेवढं फिरेल तेवढं कापलं. गाडी वळली नाही. सरळ कठड्यावर गेली. कठडा मजबूत होता म्हणून आज ती आहे.

ती जे तुटलं समजली ते एबीएस होतं, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ नयेत म्हणून ब्रेक स्वतःच पटापट सोडून-धरून घेणारी यंत्रणा. तिला वाचवायला आलेलं यंत्र काम करत होतं आणि त्याच क्षणी तिने पाय काढला. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या प्रत्येक कारला एबीएस सक्तीचं आहे. माझ्या शिकवायच्या गाडीलाही आहे. तरी तो थरथराट तिला एकदाही पायाखाली जाणवला नव्हता. ती मला म्हणाली, "सर, ब्रेक लावायला शिकवलंत खरं, जोरात लावायला कधी शिकवलंच नाही की ओ."

तक्रारीचा सूर नव्हता तिचा. पण मी घरी येऊन जेवलो नाही.

मित्रहो, आपल्या गाडीत आपल्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. समोर कुत्रं आलं, रिक्षा आडवी घुसली, की शिकणाऱ्याच्या आधी आपला पाय पडतो. पडायलाच हवा, त्यासाठीच तो ब्रेक आहे. पण त्याचा दुसरा अर्थ माझ्या लक्षात यायला बावीस वर्षं लागली. शिकणाऱ्याच्या वाट्याचे सगळे जोराचे ब्रेक मीच मारले. त्यांना दिला तो फक्त हळू ब्रेक. मी त्यांना गाडी चालवायला शिकवलं. गाडी आपलं ऐकायचं कुठे सोडते, ते त्यांना कधी दिसूच दिलं नाही. आणि लायसन्स मिळाल्यावर पहिल्यांदा ते दिसतं ते घाटात, पावसात, एकट्याने.

हे त्यांना दाखवायचं कुठे, हा प्रश्न घेऊन मी काही महिने फिरत होतो. त्या दिवाळीत भाचा मला गो-कार्टच्या ट्रॅकवर घेऊन गेला. पोरांचा खेळ म्हणून मी गेलो. दुसऱ्याच वळणावर माझी कार्ट गर्रकन फिरून उलट्या दिशेला तोंड करून थांबली. मला कळेना काय झालं. मी वळणात ब्रेक लावला होता, एवढंच. गेली दोन दशकं मी "वळणाच्या आधी वेग कमी करा" हे वाक्य रोज म्हणतो आहे, आणि ते का म्हणतो हे माझ्या पाठीला आणि बुडाला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. पुढच्या दहा मिनिटांत मी तीनदा फिरलो. मग बाकड्यावर बसून पोरांच्या कार्ट बघत राहिलो आणि मला माझा वर्ग दिसला.

कार्ट ही काय चीज आहे ते आपल्या भाषेत सांगतो, कारण आपण गाडीवाले लोक, आपल्याला यंत्र कळलं की बाकीचं आपोआप कळतं. लोखंडी पाइपची चौकट, चार छोटी चाकं, भाड्याच्या कार्टला बहुतेक दोनशे-अडीचशे सीसीच्या आसपासचं चार-स्ट्रोक इंजिन. गिअर नाहीत, पायात क्लच नाही. उजव्या पायाखाली ॲक्सिलरेटर, डाव्या पायाखाली ब्रेक. सस्पेन्शन अजिबात नाही. स्प्रिंग म्हणाल तर ती चौकटच थोडी पिळवटते. आणि सर्वांत महत्त्वाचं, मागे डिफरन्शियल नाही. मागचा ॲक्सल म्हणजे एकच सलग दांडा, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरणार. आपल्या गाडीत वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, ते काम डिफरन्शियल करतं. इथे ते नाही, म्हणून वळताना मागचं आतलं चाक जमिनीवरून किंचित उचललं जावं लागतं, तरच कार्ट नीट वळते. ते उचलतं ते स्टिअरिंगच्या रचनेमुळे आणि वजन बाहेरच्या बाजूला गेल्यामुळे. कार्टच्या मानाने चालवणाऱ्याचं वजन एवढं मोठं की तुम्ही कसे बसलात, ब्रेक कधी सोडलात, स्टिअरिंग किती झटक्यात फिरवलंत, सगळ्याचा हिशोब चाकांवर लगेच उमटतो.

आपल्या कारमध्येही हेच होत असतं. ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची हलकी होतात. वळलो की बाहेरच्या बाजूला भार जातो. पण मऊ सीट, सस्पेन्शन, पॉवर स्टिअरिंग आणि रबरी बुशिंग यांच्या गादीखाली ते सगळं झाकून जातं. गाडी निसटेपर्यंत माणसाला पत्ता नसतो. कार्टमध्ये झाकायला काहीच नाही. सीट जमिनीपासून दोन-चार बोटांवर, त्यामुळे चाळीसचा वेग ऐंशीसारखा वाटतो, आणि भाड्याच्या कार्टचे टायर चाळीसच्याही आत निसटायला लागतात. जी गोष्ट कारमध्ये दाखवायला मोठं मैदान, भरपूर वेग आणि जिवाची जोखीम लागेल, ती इथे कमी वेगात, रुंद बुटक्या गाडीत, टायरच्या भिंतींच्या आत दाखवता येते.

त्या मुलीच्या अपघाताचा दुसरा भाग घ्या. वेग जास्त असताना तिने स्टिअरिंग पूर्ण कापलं आणि गाडी सरळ गेली. कार्टमध्ये हे पाच मिनिटांत समोर दिसतं. वेगात आलात आणि पुढची चाकं जास्त वळवलीत की ती रस्त्यावर नुसती घासत जातात, पकड सुटते, कार्ट नाकासमोर जाते. शिकणारा घाबरून आणखी कापतो. आणखी सरळ जाते. मग सांगायचं, "थोडं सोड." हात जरासे सैल केले, वेग थोडा उतरू दिला, की चाकं पुन्हा जमीन धरतात आणि कार्ट वळते. अंगाला हे उलटं वाटतं. दहादा सांगून पटत नाही, दोनदा केलं की आयुष्यभर राहतं.

कार्टला मोठा इतिहास आहे, तोही थोडा सांगतो, कारण पालक विचारतात. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या, रेसच्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यातल्या माणसाने गवत कापायच्या यंत्रासाठीचं इंजिन लावून पहिली कार्ट बनवली. पुढे आयर्टन सेना, मायकेल शूमाकर यांच्यासारखे फॉर्म्युला वनचे जगज्जेते लहानपणी याच बुटक्या गाडीत घडले. आपल्या मुंबईचा जेहान दारूवालाही कार्टमधूनच वर गेला आणि २०२० मध्ये बहरीनमधल्या साखीरला फॉर्म्युला टूची, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीची, शर्यत जिंकला. आमच्या कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. हे सगळं अभिमानाचं आहे. पण मी तुमच्याकडे जे मागतो आहे त्याचा शर्यतीशी संबंध नाही, उलट शर्यत मला त्यातून काढून टाकायची आहे.

का ते सांगतो. हे सगळं सुचल्यावर मी आधी वाचन केलं, आणि जे वाचलं त्याने मी थबकलो. नॉर्वेने १९७९ मध्ये नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सांभाळण्याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. हेतू चांगला होता. नंतर तपासलं तेव्हा तरुण पुरुषांचे अपघात कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात शिकाऊ चालकांचे दोन गट केले. एकाला घसरत्या रस्त्यावरचं कौशल्य शिकवलं, दुसऱ्याला तिथेच त्यांची मर्यादा दाखवली. काही दिवसांनी चाचणी घेतली तर दोन्ही गटांचं कौशल्य जवळजवळ सारखंच, पण पहिल्या गटातली मुलं स्वतःला जास्त तरबेज समजत होती. आणि अमेरिकेत १९७४ मध्ये रेसिंगचं लायसन्स असलेल्या लोकांचा साध्या रस्त्यावरचा हिशोब बघितला, तर सामान्य चालकांपेक्षा त्यांच्या नावावर अपघात आणि दंड जास्त निघाले.

म्हणून कोणी "गो-कार्टिंग करा, ड्रायव्हिंग सुधारेल" असं सरसकट म्हणत असेल तर मी हात जोडून विरोध करतो. मुलाला हेल्मेट घालून लॅप टायमिंग, म्हणजे एका फेरीला लागलेला वेळ, दाखवलं, मित्राला मागे टाकायला लावलं, वर फोटो काढला, की आपण एक धोकादायक माणूस तयार केला. तो उद्या बायपासवर तेच करणार. ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही. पायी चालणारी म्हातारी नाही, उलट्या बाजूने येणारी दुचाकी नाही, रात्री दिवे न लावता उभा असलेला उसाचा ट्रॅक्टर नाही. आरसा, इंडिकेटर, ब्लाइंड स्पॉट, यातलं काही म्हणजे काही कार्ट शिकवत नाही. ते आपलंच काम आहे आणि राहील.

कार्ट एकच गोष्ट शिकवते, आणि ती आपण शिकवत नाही: तुम्ही समजता तिथे गाडी थांबत नाही.

गेलं दीड वर्ष मी ते असं करतो. सर्वांची ट्रायल व्हायच्या आठवडाभर आधी, सोमवार ते गुरुवारमधल्या एका सकाळी, ट्रॅक रिकामा असतो तेव्हा पाच-सहा जणांना घेऊन जातो. ट्रॅकच्या मालकाशी बोलून घड्याळाचा बोर्ड बंद ठेवायला लावतो. एका वेळी एकच कार्ट आत. कोणाचीही कोणाशी बरोबरी नाही.

पहिलं काम खडूचं. सरळ रस्त्यावर एक लाल कोन ठेवतो. विद्यार्थ्याच्या हातात खडू देतो आणि म्हणतो, "पूर्ण वेगात येऊन या कोनापाशी ब्रेक लावलास तर कुठे थांबशील? तिथे रेष मार आणि आपलं नाव लिही." बहुतेक जण कोनापासून चार-पाच पावलांवर रेष मारतात. मग कार्टमध्ये बसतात. पहिल्या वेळी जवळपास सगळे अर्धवट ब्रेक लावतात, कारण पूर्ण पाय कसा दाबायचा हे अंगाला माहीतच नसतं. दुसऱ्या वेळी घाईने दाबतात आणि मागची चाकं लॉक होऊन कार्ट आडवी जाते, कारण कार्टला ब्रेक फक्त मागे असतो. मग उतरून मी त्यांना त्यांच्या रेषेपासून कार्टपर्यंत चालायला लावतो. पावलं मोठ्याने मोजायची. गप्पा मारणारी पोरं त्या वेळी एकदम गप्प होतात. मी काही बोलत नाही, गरजच पडत नाही. मग पाइपने तोच पट्टा ओला करतो, पुन्हा खडू देतो. पुन्हा रेष कमीच पडते. ओल्या पट्ट्यावरची आपली रेष चुकल्यावर एका साठीच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी मला विचारलं, "म्हणजे मी इतकी वर्षं स्कूटरवर नशिबानेच घरी आलो का हो?"

त्यानंतर झाडाखाली बसून हिशोब सांगतो. ब्रेक लावायचं डोक्यात येऊन पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. साठच्या वेगात त्या एका सेकंदात गाडी सुमारे १७ मीटर गेलेली असते, शंभरला २८ मीटर, समृद्धी महामार्गावरच्या १२० च्या मर्यादेला ३३ मीटर. ब्रेकचं अंतर तर त्याच्या पुढे, आणि ते वेगाच्या वर्गाने वाढतं. वेग दुप्पट केला की ब्रेकचं अंतर चौपट. चांगल्या कोरड्या डांबरावर साठला जेमतेम वीस मीटर लागत असतील तर १२० ला ऐंशी. हे आकडे मी पूर्वीही फळ्यावर लिहायचो, मुलं जांभया द्यायची. आता नुकतीच पावलं मोजून आलेली असतात. एक मुलगी स्वतःच म्हणाली, "मग पुढच्या गाडीच्या मागे मी फारच जवळ असते."

दुसरं काम वळणाचं. मुद्दाम हळू वेगात, मोकळ्या जागी, वळणात ब्रेक लावून कार्ट फिरू द्यायची. मग तेच वळण, ब्रेक सरळ रस्त्यावर संपवून. फरक सांगावा लागत नाही. नजर कुठे ठेवायची तेही इथेच करून घेतो. कठड्याकडे बघितलं की कार्ट कठड्याकडे जाते, वळणाच्या शेवटाकडे बघितलं की हात आपोआप तिकडे नेतात.

एक गोष्ट मात्र कार्ट दाखवू शकत नाही, ती म्हणजे एबीएस. त्यासाठी माझीच गाडी. सुट्टीच्या दिवशी परवानगी काढून मोकळं यार्ड घेतो, कोणी आसपास नाही हे दोनदा बघतो, आणि चाळीसच्या वेगात प्रत्येकाला एकदा पूर्ण ताकदीने ब्रेक दाबायला लावतो. "कडकड होईल. पाय काढायचा नाही. दाबून धर आणि स्टिअरिंग फिरव, गाडी वळेल." माझा पाय त्या वेळी माझ्या ब्रेकवरून बाजूला असतो. ज्यांच्या गावात ट्रॅक नाही त्यांनी निदान एवढं तरी करावं. याला खर्च म्हणजे थोडं टायर आणि एक सकाळ.

आता दोन इशारे, आणि यात तडजोड नको.

कार्टमध्ये डावा पाय ब्रेकवर असतो, आपल्या गाडीत क्लचवर. क्लच जितका जोरात दाबायची सवय तितक्या जोरात डाव्या पायाने ब्रेक पडला तर मागून गाडी येऊन आदळेल. म्हणून कार्टच्या दिवशी मी कोणालाही कार चालवू देत नाही. दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटं मोकळ्या रस्त्यावर, माझ्या शेजारी. ऑटोमॅटिक घेणाऱ्यांना तर बजावून सांगतो, डावा पाय बाजूला.

दुसरा इशारा ओढणीचा आणि केसांचा. कार्टचा मागचा ॲक्सल उघडा फिरतो आणि तो तुमच्या पाठीमागे वीतभर अंतरावर असतो. २०१८ मध्ये हरियाणात पिंजोरला आणि २०२० मध्ये हैदराबादजवळ तरुण मुलींचे केस कार्टमध्ये अडकून जीव गेले. एका क्षणात. ओढणी, मफलर, सैल कुडता घालून मी कोणाला ट्रॅकच्या फाटकाच्या आतही घेत नाही. केस बांधून, जाळीत घालून, शर्टाच्या आत, वर हेल्मेट. हेल्मेट डोक्याला घट्ट बसणारं, पट्टा लावलेलं. ॲक्सलवर आणि इंजिनवर कव्हर आहे का ते मी स्वतः वाकून बघतो. नसेल तर आम्ही परत येतो. एकदा सहा जणांना घेऊन परत आलो आहे, पैसे गेले, हरकत नाही.

पालकांबद्दलही एक बोलायचं आहे. "पोरगा सोळाचा आहे, आतापासून हात बसू दे," असं म्हणत दर महिन्याला कोणीतरी माझ्याकडे येतं. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. हे मी सांगतो, तरी बाहेर पडून ते दुसरीकडे विचारतात. आता मी त्यांना नुसतं "नाही" म्हणत नाही. म्हणतो, रस्त्यावर नाही, पण ट्रॅकवर खडू घेऊन या. तो सोळाचा मुलगा रेष मारतो, चुकतो, पावलं मोजतो. शेजारी बापालाही मोजायला लावतो.

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, महाराष्ट्रात १५ हजारांवर. माझ्या या सकाळच्या वर्गाने त्यातली किती वाचतील हे मला ठाऊक नाही आणि तसा दावा मी कधीच करणार नाही. माझ्याकडून साठ-सत्तर माणसं जाऊन आली आहेत, एवढ्यावरून काही सिद्ध होत नसतं. पण ज्या गोष्टीची भीती वाटली पाहिजे ती आपण विद्यार्थ्याला दाखवलीच नाही, हे मला आता सहन होत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचा हलक्या वाहनाचा कोर्स २९ तासांचा आहे, सिम्युलेटरही आहे. सिम्युलेटरवर गाडी घसरते, पण बुडाला कळत नाही. परिवहन खात्याचे कोणी अधिकारी हे वाचत असतील तर त्यांनाही विनंती, त्या २९ तासांत एक सकाळ यासाठी काढता येईल.

तुमच्याकडे माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या शहरात ट्रॅक असेल तर आधी स्वतः जा. विद्यार्थ्यांना न घेता, एकटे. खडू न्या, रेष मारा, पावलं मोजा. मग ठरवा. कोल्हापूर, सांगली, सातारा भागातले कोणी येणार असतील तर पावसाळ्यानंतर आपण मिळून एक दिवस घेऊ, माझ्याकडचे कोन आणि वहीत लिहिलेला सगळा क्रम मी देईन. त्याचे पैसे घेणार नाही.

ती विद्यार्थिनी प्लास्टर निघाल्यावर चार महिन्यांनी पुन्हा आली. गाडी चालवायला अजून घाबरत होती. ट्रॅकवर आम्ही नेलं. पहिल्या वेळी रेषेच्या बरंच पुढे गेली. दुसऱ्या वेळी ओल्या पट्ट्यावर फिरली. मग तिने खडू मागून घेतला, जुनी रेष पायाने पुसली आणि नवी रेष आणखी सात पावलं पुढे मारली. त्या वेळी ती रेषेच्या अलीकडे थांबली. मग आम्ही यार्डात गेलो. चाळीसला तिने ब्रेक दाबला, कडकड सुरू झाली, मी तिच्या पायाकडे बघत होतो. पाय तिथेच होता.

आपला,
एक ड्रायव्हिंग स्कूलचालक, कोल्हापूर